रंग बाहुलीचा, बेरंग कायद्याचा

खेळण्यांच्या जागतिक बाजारपेठेत भारताने मानाचे स्थान मिळवावे, ही आकांक्षा सरकारी पातळीवर आता नवी राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले, २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाविना खेळणे बनविणे, आयात करणे वा विकणे बेकायदा ठरले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात भारताला खेळण्यांचे जागतिक केंद्र बनविण्याच्या योजनेची घोषणाही झाली. या साऱ्या धोरणचर्चेत कारखाने दिसतात, निर्यातीचे आकडे दिसतात, चीनशी स्पर्धा दिसते. दिसत नाही तो घराच्या गॅलरीत, जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेला रंगांचा छोटासा पसारा आणि त्यावर वाकलेला कुंचला.

‘ॲक्शन फिगर’ म्हणजे हातपाय, मान, कंबर सांध्यांतून वळविता येणारी, चित्रपटातील वा चित्रकथेतील नायक-खलनायकांची छोटी प्रतिकृती. ती बाजारातून विकत घ्यायची, सुटी करायची, मूळ रंग खरवडायचा, डोके एकीचे आणि धड दुसरीचे जोडायचे, नव्याने रंगवायची आणि त्या रंगावर पारदर्शक संरक्षक थर देऊन तो कायमचा पक्का करायचा, या छंदाला जगभर ‘कस्टम’ म्हणतात. अमेरिका आणि जपानमध्ये तो काही दशकांपासून रुजलेला आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही तो पोहोचला आहे आणि छंदाचे रूपांतर हळूहळू जोडधंद्यात होऊ लागले आहे. एखाद्याने मागणी नोंदवावी, दुसऱ्याने ती रंगवून कुरिअरने पाठवावी, असा हा व्यवहार. वरकरणी तो किरकोळ वाटतो. परंतु खेळण्याच्या सुरक्षिततेविषयीचा आपला कायदा नेमका कोठे संपतो, हे पाहायचे असेल तर या बोटभर बाहुलीच्या अंगावरच्या रंगाकडेच पाहावे लागेल.

बाहुली की ‘फिगर’?

या वस्तूचे वर्गीकरण करताना कायद्याची झालेली ओढाताण जुनी आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. ज्यो’ हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे ‘बाहुली’शी खेळणार नाहीत, या धास्तीने तिला ‘ॲक्शन फिगर’ असे नवे नाव देण्यात आले. बाजाराने ते नाव स्वीकारले. जकात खात्याने मात्र नाही. १९८९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने जी. आय. ज्यो ही जकातीपुरती बाहुलीच आहे, असा निर्वाळा दिला. पुढे २००३ मध्ये ‘एक्स-मेन’ मालिकेतील पात्रांच्या प्रतिकृतींचा वाद अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयासमोर आला. बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के, असा करातील फरक त्यामागे होता. ही पात्रे मानव नाहीत, सबब त्यांच्या प्रतिकृती बाहुल्या नव्हेत, असा निकाल लागला. ज्या चित्रकथेचा सारा भर या पात्रांच्या माणूसपणावर होता, तिच्याच मालकीहक्काशी जोडलेल्या कंपनीने ती माणसे नाहीत असे न्यायालयात मांडावे, हा विरोधाभास तेव्हा चांगलाच गाजला.

वस्तू एकच, परंतु ती कोणत्या नावाने ओळखायची यावर कर, नियम आणि जबाबदारी ठरते, हा या वादांचा धडा. भारतात आज प्रश्न बाहुली की फिगर असा नसून, खेळणे की संग्राह्य वस्तू असा आहे. त्याचे उत्तर मात्र करापुरते मर्यादित राहणारे नाही.

भारताचा आणि या वस्तूचा संबंधही केवळ ग्राहकाचा नाही. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहयोगातून १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या फनस्कूल कंपनीने, जिचा एक कारखाना गोव्यात आहे, अमेरिकेत निवृत्त झालेल्या साच्यांतून जी. आय. ज्योच्या भारतीय आवृत्त्या काढल्या. साचा तोच, परंतु गणवेशाचा रंग निराळा. या वेगळ्या रंगसंगतीमुळेच त्या आवृत्त्या पुढे परदेशी संग्राहकांच्या शोधाचा विषय बनल्या. म्हणजे प्लॅस्टिक जगात कोठेही ओतता येते, वस्तूला वेगळेपण आणि किंमत देतो तो तिच्यावरचा रंग, हे भारतीय अनुभवानेही सिद्ध केले आहे.

थरावर थर

हा रंग टिकविणे हे मात्र वाटते तितके सोपे नाही. कारखान्यात तयार झालेल्या प्रतिकृतीच्या अंगावर साच्यातून ती सहज सुटावी म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश राहिलेला असतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही, तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. त्यानंतर सांध्यांच्या जागा पॉलिश पेपरने किंचित घासाव्या लागतात, कारण रंगाच्या थरालाही जाडी असते. हात खांद्यात फिरला की ती जाडी घासली जाते आणि खालचे मूळ प्लॅस्टिक उघडे पडते. मग प्रायमरचे अस्तर, त्यावर पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगाचे अनेक हलके हात, खोलगट भागांत साचणारी गडद छटा, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने दिलेला उजळ स्पर्श आणि सर्वांत शेवटी पारदर्शक वॉर्निशचा संरक्षक थर.

सगळे कौशल्य पणाला लागते ते या शेवटच्या थरात, आणि सगळा धोकाही त्यातच दडलेला असतो. या प्रतिकृतींचे अनेक भाग मऊ पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावे म्हणून मिसळलेली द्रव्ये कालांतराने पृष्ठभागाकडे सरकतात. तीव्र द्रावकाचा स्प्रे अशा भागावर मारला तर त्या द्रव्यांशी त्याची अभिक्रिया होऊन थर महिनोन्‌महिने चिकट राहतो, कधी वाळतच नाही. मुंबई आणि कोकणातील पावसाळा ही आणखी वेगळी परीक्षा. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि काचेसारखा पारदर्शक व्हायचा थर दुधासारखा पांढुरका होतो. आठवडाभराची मेहनत अर्ध्या मिनिटात वाया जाते. म्हणूनच जाणकार मंडळी जून ते सप्टेंबर या काळात स्प्रेचा डबा बाजूला ठेवतात आणि पाण्यात मिसळणारे वॉर्निश कुंचल्याने वा एअरब्रशने लावतात.

परंतु सगळेच एवढा संयम दाखवीत नाहीत. आयात केलेले खास रंग महाग पडतात. हार्डवेअरच्या वा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा स्प्रेचा डबा, मोटारीसाठीचा ड्युको रंग आणि थिनर हा स्वस्त पर्याय हाताशी असतो. अधिक टणक, ओरखडा न पडणारा थर हवा म्हणून दोन घटक एकत्र करून वापरायचे पॉलियुरेथेन लॅकरही काही जण घरी फवारतात. त्यातील आयसोसायनेट हे रसायन व्यावसायिक दम्याचे ओळखले गेलेले कारण आहे. एकदा शरीराला त्याची संवेदनशीलता जडली की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देऊ शकते. धूळ अडविणारा साधा मास्क द्रावकांच्या वाफा अडवीत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला श्वसनरक्षक लागतो. बंद खोलीत पंखा लावून स्प्रे मारणाऱ्याला आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या त्याच्या घरच्यांना ही माहिती कोण देणार? कोणत्याही कारखान्यात ज्या कामासाठी हवा खेचून घेणारी यंत्रणा लागली असती, ते काम येथे जेवणाच्या टेबलावर चालते.

शिशाचा धडा

हा धोका कल्पनेतला नाही, हे जगाने २००७ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॅटेल कंपनीने फिशर-प्राइस या नावाने विकली गेलेली सुमारे १५ लाख खेळणी जगभरातून परत मागविली. कारण एकच, त्यांवरील रंगातील शिसे. साचा निर्दोष होता, प्लॅस्टिक निर्दोष होते. चीनमधील पुरवठासाखळीत कोठेतरी शिरलेल्या रंगाने घात केला होता. ज्या चिनी कारखान्यात ती खेळणी बनली, त्याच्या प्रमुखाने त्याच महिन्यात आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलला आणि रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ६०० वरून ९० भागांवर आणली. ती ऑगस्ट २००९ पासून लागू झाली.

भारतानेही पुढे हीच मर्यादा स्वीकारली. पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये काढलेले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आलेले नियम दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेल्या रंगांना मज्जाव करतात. मात्र हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. भिंतीला लावायच्या रंगात किती शिसे असावे हे ठरलेले आहे. बाहुलीला लावला जाणारा मोटारीचा रंग त्या मोजमापात बसत नाही.

शिशाच्या बाबतीत सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा होणारा परिणाम भरून निघत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असलेल्या जगातील सुमारे ८० कोटी मुलांपैकी २७ कोटींहून अधिक एकट्या भारतात आहेत. त्यामागे जुन्या बॅटऱ्यांचे वितळण, भेसळयुक्त मसाले, भांडी अशी अनेक कारणे आहेत. रंगवलेल्या प्रतिकृतींचा वाटा त्यात नगण्यच असेल. परंतु ज्या देशातील मुलांच्या रक्तात आधीच एवढे शिसे आहे, त्या देशाने खेळण्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या रंगाबाबत अधिक दक्ष असायला नको काय?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रंगावर पारदर्शक थर दिला की खालचा रंग बंदिस्त झाला आणि वस्तू निर्धोक झाली, असे अनेकांना वाटते. वास्तविक हा थर रंगाचे ओरखड्यांपासून रक्षण करतो, मुलाचे रंगापासून नव्हे. सांध्यात तो घासला जातो, पडल्यावर त्याचे टवके उडतात आणि दात उगवणाऱ्या मुलापुढे त्याचा टिकाव लागत नाही. सील केलेली प्रतिकृती आणि सुरक्षित प्रतिकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चार कायदे, चार नजरा

आता या बाहुलीकडे कायदा कसा पाहतो ते पाहू. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंना लागू होतो. आयात खेळण्यांच्या नमुन्यांपैकी सुमारे ६७ टक्के नमुने चाचणीत नापास झाल्याचे भारतीय गुणवत्ता परिषदेच्या २०१९ मधील पाहणीत आढळले होते. त्यामुळे अशा आदेशाची निकड निर्विवाद होती. प्रतिकृतीवर ‘प्रौढ संग्राहकांसाठी’ असे लिहिले की मात्र तिला या आदेशाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा मार्ग खुला होतो. काचेच्या कपाटात राहणाऱ्या वस्तूबाबत हे रास्तही आहे. अडचण अशी की, ओळखीच्या नायकाची ती रंगीत मूर्ती घरातील पाच वर्षांच्या मुलाला लेबल वाचून दूर ठेवत नाही. शिवाय वाढदिवसाच्या भेटीसाठी मुलाच्या नावानिशी रंगवून घेतलेल्या प्रतिकृतीला संग्राह्य वस्तू म्हणणे ही शुद्ध पळवाट ठरते.

दुसरी नजर व्यापारचिन्ह कायद्याची. १९९९ च्या या कायद्यातील कलम ३० नुसार, मालकाच्या संमतीने एकदा बाजारात आलेली वस्तू पुढे विकायला सहसा आडकाठी नाही. परंतु बाजारात आल्यानंतर तिच्या स्थितीत बदल झाला असेल, तर मूळ कंपनीला हरकत घेण्याचा मार्ग त्याच कलमात ठेवलेला आहे. रंग बदललेली प्रतिकृती मूळ कंपनीच्या नावाच्या खोक्यात घालून विकणारा म्हणूनच धोका पत्करत असतो. साचा काढून रेझिनमध्ये नकला ओतणाऱ्याची गोष्ट तर त्याहून गंभीर. ती सरळ सरळ प्रताधिकाराच्या उल्लंघनाकडे जाते.

तिसरी नजर ग्राहक संरक्षण कायद्याची. २०१९ च्या या कायद्यातील कलम ८६ सांगते की, विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला आणि तो फेरफारच हानीचे मुख्य कारण ठरला, तर जबाबदारी विक्रेत्याची. म्हणजे महिन्याकाठी दोन-तीन प्रतिकृती रंगवून विकणारा महाविद्यालयीन तरुणही अशा दाव्यात उत्तरदायी ठरू शकतो. त्याला याची कल्पना असण्याची शक्यता मात्र कमीच. चौथी नजर रंगविषयक नियमांची, आणि ती भिंतीपाशीच थांबते, हे वर आलेच.

या चार नजरा एकत्र केल्या तर विचित्र चित्र दिसते. अपघातानंतर कोणाला पकडायचे हे कायद्याला ठाऊक आहे, परंतु अपघात होऊ नये म्हणून रंगाच्या डब्यावर काय लिहिलेले असावे, याबद्दल तो मौन बाळगतो. जबाबदारी साखळीच्या अखेरच्या, सर्वांत दुबळ्या कडीवर येऊन पडते आणि ज्याच्याकडे माहिती आहे, तो रंग बनविणारा नामानिराळा राहतो.

हातांची परंपरा

यावर या प्रकारच्या विक्रीला सरसकट बंदी घालावी, असा सूर उमटू शकतो. तो अन्यायाचा ठरेल. मूर्तीला रंगाने जिवंत करण्याचे कौशल्य महाराष्ट्राला परके नाही. पेणच्या चित्रशाळांत गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात आणि बोटभर प्रतिकृतीच्या डोळ्यात बाहुली उमटविणारा हात, यांच्यातील नाते उघड आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी आणि तेथील गंजिफा यांच्यामागे रंग आणि लाखेचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान उभे आहे. रंगवायचे आणि मग संरक्षक थराने रंग पक्का करायचा, हे तंत्र जपानी स्प्रेच्या डब्यातून आपल्याकडे आले, असे मानण्याचे कारण नाही.

सरकारने या परंपरेची दखल घेतली, तीही अर्धवट. डिसेंबर २०२० मधील दुरुस्तीने हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकांना मानक ब्युरोच्या चिन्हाच्या सक्तीतून सूट मिळाली. प्रमाणपत्राचा खर्च न झेपणाऱ्या कारागिरांसाठी ही सवलत आवश्यकच होती. परंतु सूट मिळाली ती चाचणीपासून. त्याबरोबर सुरक्षित रंग मात्र हाती पडला नाही. लाखेच्या जागी बाजारातील रासायनिक लॅकर आले असेल, तर नोंदणीचे कार्ड त्यातील शिसे कमी करीत नाही. उलट नोंदणी नसलेल्या शहरी रंगकर्मीला ना सवलत, ना मार्गदर्शन.

गणेशमूर्तींच्या बाबतीत मात्र आपण एक पाऊल पुढे टाकले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूर्तीसाठी विषारी रंग टाळण्यास स्पष्टपणे सांगितले. प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाद त्यानंतरही न्यायालयात रंगत राहिला, तरी मूर्तीच्या अंगावर कोणता रंग चढतो हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे, एवढे तरी मान्य झाले. जो विचार दीड दिवसांत पाण्यात जाणाऱ्या मूर्तीसाठी झाला, तो वर्षानुवर्षे घरात राहणाऱ्या मूर्तीसाठी का होऊ नये?

उपाय अवघड नाहीत. शिशाच्या मर्यादेचे नियम घरगुती रंगांपुरते न ठेवता किरकोळ दुकानात लहान डब्यांतून विकल्या जाणाऱ्या सर्व रंगांना आणि स्प्रेंना लावावेत, ही पहिली गरज. डब्यावर घटकद्रव्ये आणि घ्यावयाची काळजी मराठीसह स्थानिक भाषांत छापली जावी, ही दुसरी. एकेका प्रतिकृतीची चाचणी छोट्या कारागिराला परवडणारी नाही. परंतु रंगाचीच चाचणी एकदा झाली, तर त्या रंगाने रंगविलेल्या हजारो वस्तूंचा प्रश्न सुटतो. चाचणीचा भार रंगकर्मीकडून रंगनिर्मात्याकडे सरकविणे हाच त्यातील न्याय्य मार्ग. आणि रंगकर्मींनीही विकताना वापरलेल्या रंगाचे व थराचे नाव लिहून द्यावे, वस्तू लहान मुलांसाठी नाही असेल तर ते खोक्यावर नव्हे, ग्राहकाच्या तोंडावर सांगावे. त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही.

२००७ मध्ये साऱ्या जगाला हादरविणाऱ्या त्या प्रकरणात दोष बोटाच्या नखाहूनही पातळ अशा एका थरात होता. जागतिक केंद्र होऊ पाहणाऱ्या देशाने आपल्या खेळण्यांचे आकडे जरूर मोजावेत. पण त्यांच्या अंगावरचा तो थरही एकदा खरवडून पाहावा.